तेवढ्या बैठकीपुरती

"करिष्माताईंना बसवा की," नथूभाऊ म्हणाले, आणि चहात साखर कमी झाली असं सांगावं इतक्या सहज म्हणाले. करिष्मा तेव्हा पेनाचं टोपण काढत होती. टोपण हातातच राहिलं. आपलं नाव आपल्याच कानावर पडलं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं असं तिला क्षणभर वाटलं. मग कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पौडच्या पंचायत समितीच्या सभागृहात विधिमंडळाची समिती बसली होती, म्हणजे अजून बसायची होती. मुळशीतल्या गुरामेंढरांच्या वाटा आणि पाणवठे कुणी अडवले, यावर लोकांची साक्ष घ्यायची होती. लोक सकाळपासून येऊन बसले होते. सदस्य आले होते, कलेक्टर ऑफिसातले साहेब आले होते, नव्हते ते फक्त समिती प्रमुख इंद्रजितराव. मोबाइलनं दाखवलेल्या जवळच्या रस्त्याच्या नादी लागून त्यांचा ड्रायव्हर हिंजवडीहून माणकडे यायचा तो नेऱ्याकडे वळला होता आणि काँक्रीटच्या गाड्यांमागे अडकून पडला होता. आणि प्रमुखाशिवाय बैठक सुरू होत नाही. सुरू न झालेल्या बैठकीत कुणी काळीज काढून बोललं, तरी ते नुसतं बोलणंच. त्याची नोंद होत नाही.

नियम समितीच्या अधिकारी समीना यांनी वाचून दाखवला होता. प्रमुख हजर नसतील तर हजर असलेल्या सदस्यांनी आपल्यातल्या एकाला निवडायचं, तेवढ्या बैठकीपुरतं. 'तेवढ्या बैठकीपुरतं' हे शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारले होते. त्यावर दिग्विजयराव हात टेबलावर टेकवून अर्धे उठलेसुद्धा. समितीत सगळ्यात जुने तेच, तेव्हा खुर्ची आपलीच, यात त्यांना शंका नव्हती. ती शंका नथूभाऊंना होती. दोघं समोरासमोरच्या बाकांवरचे, आणि एकानं पाणी मागितलं तर दुसरा तहान नाही म्हणणार. दिग्विजयरावांना बसू द्यायचं नाही आणि स्वतःचं नाव घेतलं तर ते हाणून पाडणार, म्हणून नथूभाऊंनी समितीतली सगळ्यात नवी सदस्य पुढे केली. करिष्माला हे सगळं कळत होतं. आपल्याला निवडलं ते कर्तबगारीवर नाही, दोघांच्या भांडणातल्या फटीतून आपण आत आलोय, हे ती स्वतःला बजावत होती. तरीही तिला आनंद होत होता. उघड विरोध केला तर आपलीच हाव दिसेल, म्हणून दिग्विजयरावांनी ओठ आवळून "अनुमोदन" म्हटलं, हात वर झाले, विरोधात कुणीच नव्हतं, आणि पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेल्या त्या उंच खुर्चीकडे चालत जाताना तिला आपल्या चपलांचा आवाज फार मोठा येतोय असं वाटलं. चौथ्या रांगेत, खिडकीशी, खांद्यावर काळं घोंगडं घेऊन तिची आई बसली होती. तिकडे बघायचं नाही, असं ठरवून ती बसली, आणि बसल्याबसल्या तिनं पहिल्यांदा तिकडेच बघितलं.

आई बघत नव्हती. बयाबाई वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होत्या. काल फोनवर करिष्मानं चाचरत सांगितलं होतं, "आई, उद्या तू साक्षीदार आहेस. मी तिथं तुझ्याशी बोलणार नाही. राग मानू नकोस." त्यावर पलीकडून कोकरांच्या ओरडण्यातून आवाज आला होता, "मी तरी कुटं तुज्याशी बोलाया येतीया? मी समितीशी बोलाया येतीया." आणि फोन बंद. कोथरूडच्या फ्लॅटच्या गॅलरीत करिष्मा बराच वेळ तो बंद फोन कानाला लावून उभी होती. इतकी वर्षं वसतिगृहात, लॉ कॉलेजात, मग मोर्च्यांमध्ये आणि आता विधिमंडळात तिनं अनेकांशी वाद घातला. या बाईशी मात्र तिला कधी शेवटचा शब्द मिळवता आला नाही. आताही तो पंखा बघणं म्हणजे तिचं बोलणंच होतं. तू तुझं काम कर, मी माझं करते. करिष्माला अभिमानही वाटत होता आणि धास्तीही, आणि त्यातलं कुठलं कुठं संपतं ते तिला वेगळं करता येईना.

खुर्चीचे हात लाकडी होते, आणि कुणाकुणाच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेले. त्यांना हात लागल्यावर तिला काठी आठवली. दिवाळी झाली की त्यांचा वाडा मेंढरं घेऊन घाट उतरायचा. वाडा म्हणजे एकत्र चालणारी धनगरांची बिऱ्हाडं. निघायच्या आधल्या संध्याकाळी सगळे कर्ते पुरुष त्यांच्या माले गावाच्या वरच्या अंगाला एका सपाट खडकावर बसायचे आणि म्होरक्या ठरवायचे. कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. ज्याला म्होरक्या करायचा त्याच्या पायाशी जाऊन आपली काठी ठेवायची, एवढंच. बायका लांबून बघायच्या आणि पोरी बायकांच्या मागून. बापाच्या पायाशी, गेणूच्या पायाशी, पहिली काठी पडली तेव्हा करिष्मा अशीच हबकली होती. मग दुसरी पडली, तिसरी, आणि गेणू खाली मान घालून बसून राहिला, जणू त्याला कुणी शिक्षा फर्मावत होतं. शेवटी त्याचा सख्खा भाऊ उठला, ज्याचं त्याच्याशी बांधावरून बोलणं बंद होतं, आणि त्यानंही काठी आणून ठेवली. तेव्हा बापानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्या वयात तिला कळलं नव्हतं. आज, पांढऱ्या टॉवेलाला पाठ टेकता टेकता, कळलं. कारण तेच आपल्या चेहऱ्यावर येऊ पाहतंय आणि आपण ते आवरतोय हे तिला जाणवलं. तिनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"साक्षीदारांचा क्रम कसा घ्यायचा, ताई?" समीनांनी वाकून विचारलं. समीना इथल्याच, पौडच्या. त्यांच्या वडिलांच्या, पीरमहंमदभाईंच्या दुकानातून गेणू मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा आणि दोर न्यायचा, आणि लहानपणी त्या दुकानाच्या पायरीवर दोघींनी एकमेकींकडे टकमक बघितलेलं असणार. पण सभागृहात त्या दोघी कडक 'आपण' आणि 'ताई' होत्या, आणि त्याचं दोघींनाही बरंच वाटत असावं. "आधी कलेक्टर ऑफिसातले साहेब," करिष्मा म्हणाली, "मग बंगल्यांच्या योजनेचे प्रतिनिधी, मग कासार आंबोलीचे शेतकरी. माल्याच्या बयाबाई कोकरे शेवटी." समीनांची भुवई जराशी वर गेली. करिष्माला मात्र हे बोलताना फार बरं वाटलं. आपण बापाच्या रिवाजानं वागलो, असं वाटलं. त्यांच्या वाड्यात म्होरक्याची मेंढरं सगळ्यांच्या शेवटी पाणी प्यायची. ओढ्यावर पोचलं की इतरांचे कळप आधी उतरायचे, आणि गेणूची मेंढरं काठावर माना ताणून ओरडत राहायची. एकदा तिच्या लाडक्या कोकराची जीभ बाहेर आली होती. ती बापाच्या धोतराला धरून रडली, त्याला एकट्याला तरी सोडा म्हणाली. गेणू म्हणाला होता, "म्होरक्या झालूया ना आपुन? मग आपली शेवटी. न्हाईतर कशाला झालो?" आईच्या कडेवर जाऊन ती बापाला दुष्ट म्हणाली होती, आणि आईनं तिला गप्प न करता तसंच रडू दिलं होतं.

बैठक चालू झाली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला हे येतंय. कुणाला थांबवायचं, कुणाला पुढं बोला म्हणायचं, दिग्विजयराव आणि नथूभाऊ एकाच वेळी बोलायला लागले की कुणाकडं हात करायचा. नथूभाऊ अधूनमधून तिच्याकडे असे बघत होते की जणू तिला त्यांनीच घडवली. कलेक्टर ऑफिसातले साहेब आकड्यांवर आकडे सांगत गेले, ते तिनं ऐकून घेतले. बंगल्यांच्या योजनेचे प्रतिनिधी, तलम शर्टातले तरुण गृहस्थ, म्हणाले की ओढ्याकडे उतरणारी अशी कुठलीच वाट नकाशावर नाही. नसलेली वाट आम्ही अडवणार कशी? ते खोटं बोलत होते असंही नाही. नकाशावर ती खरंच नव्हती. करिष्माच्या तळपायांना मात्र ती वाट पाठ होती. उंबराशी ती वळायची, मग कातळ लागायचा, उन्हात तापलेला, मग पायऱ्यांसारखे दगड, आणि मग एकदम गार. ती बोलली नाही. खुर्चीवर बसलेल्यानं साक्ष द्यायची नसते. बोललेला शब्द न् शब्द टिपणाऱ्या प्रतिवेदकाचं पेन झरझर चालत होतं, खिडकीतलं ऊन आईच्या घोंगड्यावर आलं होतं, आणि या खोलीतला प्रत्येक शब्द आपल्या परवानगीनं कागदावर चाललाय या जाणिवेनं तिची पाठ ताठ झाली होती. इतकी ताठ बसलेली आपण कधी कुणाला दिसलो असू, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराची तिला थोडी लाजही वाटली.

आंबोलीच्या शेतकऱ्यांचं बोलणं चालू असतानाच दिग्विजयरावांचा फोन थरथरला. त्यांनी तो बघितला आणि चेहरा उजळला. "साहेब घोटावड्यापर्यंत आले," ते म्हणाले. "ताई, आता थांबू या. साहेब आले की थेट पाहणीला निघू, जेवण तिकडंच सांगितलंय. राहिलेत त्यांनी लेखी द्यावं, नेहमीसारखं." सभागृहात खुर्च्या सरकल्याचा आवाज झालासुद्धा. जेवणाचं नाव निघालं की सरकारी सभागृह कसं जागं होतं, ते करिष्मानं याआधीही पाहिलं होतं. राहिलं होतं कोण? एकच. आणि त्या राहिलेल्या बाईला लिहिता येत नव्हतं. तिच्या नावानं दुसऱ्यांनी लिहून दिलेली निवेदनं याआधी दोनदा कुठल्याशा कचेरीत गडप झाली होती. म्हणून तर ती इतक्या लांब घोंगडं खांद्यावर टाकून आली होती, की या वेळी तोंडानं सांगायचं आणि समोर लिहून घेतलेलं बघायचं. आज नोंद झाली तर बंगलेवाल्यांनी त्या वाटेवर घातलेल्या कुंपणाबद्दल समितीला उत्तर मागावं लागणार होतं. नाही झाली तर ओढ्याची वाट नकाशावर नव्हती, तशी कागदावरही राहणार नव्हती. आणि वाड्यातली उरलीसुरली बिऱ्हाडं या उन्हाळ्यापर्यंत मेंढरं विकून मोकळी होतील, हे हृतिकनं, तिच्या भावानं, तिला अनेकदा सांगितलं होतं. तो स्वतः मेंढरं विकून हिंजवडीत कंपनीची गाडी चालवत होता.

करिष्मानं साक्षीदारांच्या यादीतलं ते शेवटचं नाव पाहिलं. केवढी मिजास केली आपण! बापाचा रिवाज पाळला म्हणून स्वतःची पाठ थोपटत बसलो, आणि त्या रिवाजापायी आईला इथून तशीच घरी पाठवणार. तिला तो ओढा दिसला. इतरांचे कळप पिऊन वर चढलेले, पाणी गढूळ झालेलं, पुढे निघालेली माणसं हाका मारताहेत, "गेणू, चल की, दिस कलला." आणि गेणू काठावर काठी रोवून उभा. त्याची मेंढरं पाण्यात उतरलेली. तो हलत नाही. ते लाडकं कोकरू सगळ्यांत मागं, पाय घसरत, पाण्यात तोंड घालतं, परत बाहेर काढतं, परत घालतं. आणि सबंध वाडा त्या एका कोकरासाठी घाटाच्या तोंडाशी थांबलेला. हे तर ती विसरलीच होती. तिला रडणं तेवढं आठवत राहिलं होतं, ते कोकरू पाणी प्यालं होतं हे आठवत नव्हतं. शेवटी म्हणजे नाही, असं बाप कधीच म्हणाला नव्हता. शेवटचं पिऊन होईस्तोवर जागेवरून हलायचं नाही, याचसाठी त्याला म्होरक्या केलेला होता.

"बैठक चालू आहे," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सरकलेल्या खुर्च्या थांबल्या. दिग्विजयराव म्हणाले, "अहो पण साहेब..." समीना शांतपणे पुढे वाकल्या. "बैठक थांबवायची की चालू ठेवायची हे खुर्चीवर असलेल्यांनी ठरवायचं असतं, साहेब," त्या म्हणाल्या आणि परत मागे सरकून बसल्या. करिष्मा उभी राहिली. "पुढच्या साक्षीदाराला बोलावण्याआधी समितीला एक सांगायचं आहे, आणि ते नोंदवून घ्यावं. बयाबाई कोकरे माझी आई आहे. ज्या वाटेबद्दल त्या बोलणार, ती माझ्या घरचीही वाट आहे. सदस्यांना योग्य वाटत नसेल तर या साक्षीपुरतं मी उठते, दुसऱ्या कुणीही इथं बसावं. साक्ष मात्र आत्ता होईल." प्रतिवेदकाचं पेन क्षणभर थबकलं आणि पुन्हा चालायला लागलं. नथूभाऊंनी डोळे मोठे केले. ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती. सगळं सभागृह मागे वळून चौथ्या रांगेकडे बघू लागलं. बयाबाईंनी पदर सारखा केला.

दिग्विजयरावांकडे आता चेंडू आयताच आला होता. एक शब्द, आणि खुर्ची त्यांची. ते काही वेळ टेबलावरच्या आपल्या बोटांकडे बघत राहिले. करिष्मानं मनातल्या मनात उठून बघितलं, ती खुर्ची सोडून खाली आपल्या जागी बसून बघितलं, आणि तिला वाटलं, हरकत नाही. पाणी मिळाल्याशी कारण. तेवढ्यात ते म्हणाले, "आपणहून सांगितलंत. माझा विरोध नाही. पण प्रश्न तुम्ही विचारायचे नाहीत. प्रश्न आम्ही विचारू. तुम्ही नाव-गाव विचारा, पद्धतीप्रमाणे." नथूभाऊंनी लगेच "मान्य" म्हटलं, आणि कितीतरी दिवसांनी त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. करिष्मानं मान हलवली आणि ती बसली.

बयाबाई पुढे आल्या, माइककडे संशयानं बघितलं आणि त्याच्यापासून हातभर लांब उभ्या राहिल्या. करिष्माला एकच प्रश्न विचारायचा होता. सोपा. आयुष्यात तो तिनं या बाईला कधी विचारला नव्हता, विचारायची कधी गरजच पडली नव्हती. "आपलं नाव सांगा," ती म्हणाली, आणि 'आपलं' म्हणताना तिची जीभ अडखळली. बयाबाईंनी तिच्याकडे सकाळपासून पहिल्यांदा सरळ बघितलं. त्या नजरेत ओळख नव्हती, माया तर मुळीच दाखवलेली नव्हती. मात्र एखादं काम नीट होतंय का हे बघणारं माणूस बघतं, तशी ती नजर खुर्चीवरून, टॉवेलावरून आणि मुलीच्या चेहऱ्यावरून फिरली. "बयाबाई गेणू कोकरे," त्या म्हणाल्या. "माले. मेंढरं राखती." मग प्रतिवेदकाकडे वळून, "लिवलं का?" "लिहिलं, आजी," तो म्हणाला. "मग मी बोलती."

आणि त्या बोलल्या. वाट कुठून सुटते, उंबर कुठं, कातळ कुठं, कोणत्या दगडावर सासरा बसायचा. वाट नकाशात न्हाई म्हंत्यात, तर असंल. मेंढरं काय नकाशा बगून पाण्याव जात न्हाईत. कुंपण पडल्यापासून डांबरी रस्त्यानं वळसा घालावा लागतो, तिथं डंपर, आणि गेल्या उन्हाळ्यात गाभण मेंढी चाकाखाली गेली. "दुसरं पाणी नाही का जवळ?" दिग्विजयरावांनी विचारलं, आणि खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. "हाय की," बयाबाई म्हणाल्या. "बंगल्यात पव्हायचा हौद हाय. निळा. तितं सोडता का?" सभागृह हसलं, तलम शर्टवाले गृहस्थही हसले आणि मग हसावं की नाही ते न कळून थांबले. दिग्विजयराव हसले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्यापुढचा, वाट किती रुंद, किती बिऱ्हाडांची, कुंपण कुणासमोर घातलं. आणि प्रत्येक उत्तरानिशी ती वाट कागदावर उतरत गेली. करिष्मा गप्प बसून होती. आपल्याला एकही प्रश्न विचारता येत नाही आणि आपल्या वाट्याचंही हा आपला विरोधकच विचारतोय, याचा तिला इतका अभिमान वाटला की तो कुणाचा, आईचा की समितीचा की त्या जुन्या नियमाचा, याची तिला पर्वा राहिली नाही.

दार उघडलं. इंद्रजितराव आत आले, मागे त्यांची माणसं, केसांना नेऱ्याची धूळ. "सॉरी, सॉरी," म्हणत ते सवयीनं सरळ उंच खुर्चीकडे निघाले, आणि सभागृह उठायला लागलं. बयाबाईंचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. करिष्माच्या पायांनी उठायची तयारी केली. मोठा माणूस आला की उठायचं, हे त्या पायांना लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं खुर्चीचे गुळगुळीत हात घट्ट धरले. "साहेब, साक्ष चालू आहे," ती म्हणाली. "ती होईपर्यंत आपण माझ्या जागेवर बसून घ्या." इंद्रजितराव थबकले. त्यांनी समीनांकडे बघितलं. समीनांनी हातानं रिकामी जागा दाखवली. दिग्विजयरावांनी स्वतःचा कप सरकवून टेबलावर त्यांच्यासाठी वाट केली. इंद्रजितराव शहाणे होते. ते हसले आणि जाऊन बसले. "बोला," करिष्मा म्हणाली, माइककडे नाही, त्याच्यापासून हातभर लांब उभ्या असलेल्या बाईकडे. बयाबाईंनी तुटलेलं वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच उचललं आणि संपवलं. मग आणखी एक सांगितलं, आणि आणखी एक. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. "झालं," त्या शेवटी म्हणाल्या. करिष्मानं समितीच्या वतीनं आभार मानले, ते नोंदवलं गेल्याचं पाहिलं, आणि मग ती उठली आणि खुर्ची इंद्रजितरावांना दिली.

गाड्या पाहणीला निघत होत्या तेव्हा बयाबाई आवाराच्या फाटकाशी जीपची वाट बघत उभ्या होत्या. करिष्मा जवळ गेली. आता बोलायला हरकत नव्हती, आणि नेमकं तिला काय बोलावं ते सुचेना. तिला म्हणायचं होतं, तुला शेवटी ठेवली, चुकलंच होतं माझं. तिला विचारायचं होतं, बाबा असते तर? बयाबाईंनी घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"उटलीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "खुर्ची काय आपली न्हवं."

"हो."

"पर माजं झाल्याव उटलीस."

जीप आली. बयाबाई मागे चढल्या, घोंगडं मांडीवर घेतलं आणि मुलीकडे न बघता म्हणाल्या, "जा आता. तुजी मान्सं खोळंबल्याती."